सच का सामना: परत येईल असं वाटत नाही अशा एका गेम शोचं प्रकरण

जुलै २००९, स्टार प्लस, रात्री साडेदहा. शो सुरू होऊन जेमतेम दोन-चार दिवस झालेले. आमच्याकडे तेव्हा टीव्ही एकच आणि तोही हॉलमध्ये, त्यामुळे जे लागेल ते सगळ्यांनी मिळून बघायचं. आई खाली बसून दुसऱ्या दिवसाच्या डब्यासाठी गवार मोडतेय, बाबा खुर्चीत, मी आणि ताई दिवाणावर, गावाहून आलेले काका भिंतीला टेकून. शोचा अँकर राजीव खंडेलवाल समोरच्या स्पर्धक बाईंना अगदी हळू, जवळजवळ मायेने विचारतो की नवऱ्याला कधीच कळणार नाही असं असेल तर तुम्ही दुसऱ्या पुरुषाशी संबंध ठेवाल का. नवरा तिथेच बसलेला, घरची माणसं शेजारी. बाई म्हणाल्या नाही. मग ती लांबवलेली शांतता आणि मग निकाल सांगणारा तो बाईचा आवाज, की हे उत्तर खोटं आहे.

आईचे हात गवारीवरच थांबले. काका पाणी प्यायला उठले, खरं तर पाच मिनिटांपूर्वीच पिऊन आले होते. बाबांनी रिमोट उचलला, पण चॅनल बदललं नाही, आवाज तेवढा दोन काड्या कमी केला, जणू शेजाऱ्यांकडे वेगळं काही चालू होतं.

हा शो परत आणा असं अधूनमधून कोणीतरी म्हणतं, जुनी क्लिप फिरली की हमखास. मला वाटतं आपल्याकडे तरी तो येणार नाही, आणि त्याचं कारण लोक सांगतात ते नाही. संस्कृती बुडाली वगैरे तेव्हा बरंच झालं, ते पुढे येईलच. माझं म्हणणं वेगळं आहे. या खेळात स्पर्धक एक असतो, सही त्याची असते, पैसे त्याला मिळतात, पण प्रश्न सगळे तिसऱ्याच माणसाबद्दल असतात. नवरा, बायको, आई, मित्र. त्या तिसऱ्या माणसामुळेच शो चालला आणि आता त्याच्यामुळेच चालणं अवघड आहे.

आधी खेळ नक्की काय होता ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना फक्त खळबळ आठवते. पडद्यामागे एका खोलीत स्पर्धकाला पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडतं म्हणतात ते यंत्र, लावून पन्नास प्रश्न विचारायचे, सगळे हो-नाहीचे. मग स्टेजवर त्यातले एकवीस परत विचारायचे. पहिल्या टप्प्यात सहा, मग पाच, चार, तीन, दोन आणि शेवटी एक, आणि तो एक पार केला की एक कोटी. यंत्राने काय निकाल दिलाय ते स्पर्धकाला माहीत नाही. एक उत्तर खोटं ठरलं की खेळ खल्लास. नको वाटलं तर मध्ये थांबून तोवर जिंकलेले घेऊन घरी जाता येतं. आणि घरच्यांसाठी एक बटण, ते दाबलं की एखादा प्रश्न बदलून मिळतो.

आता यात खेळण्यासारखं काय आहे बघा. केबीसीत निदान डोकं चालवता येतं, चार पर्यायांतला एक तुक्क्याने लागतो, लाइफलाइन असते. इथे सगळं आधीच ठरलेलं. मार्कलिस्ट पाकिटात बंद आहे आणि तुम्ही फक्त पाकीट किती फाडायचं तेवढं ठरवायचं. म्हणजे स्पर्धकाच्या हातात एकच गोष्ट, हाव कुठे आवरायची. आणि प्रेक्षकाला बघायला मिळतं ते स्पर्धकाचं तोंडही नाही, खरं बघायचं असतं ते शेजारी बसलेल्या माणसाचं तोंड. कॅमेरा सारखा तिकडेच जायचा. राजीव खंडेलवाल तोपर्यंत सिरियलवाला आणि मग 'आमिर' सिनेमावाला म्हणून माहीत होता, ओरडणारा अँकर नव्हताच, आणि ते थंड सभ्य बोलणं हेच जास्त अंगावर यायचं. एखादा डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन आधी बसा म्हणतो ना, तसं.

बनवणारे सिद्धार्थ बसू, म्हणजे दूरदर्शनच्या क्विझ टाइमपासून ते केबीसीपर्यंतचा माणूस, देशाला सामान्यज्ञानाचं वेड लावणारा. त्यांच्या कंपनीकडून हा शो यावा याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. पण त्या वर्षीची टीव्हीची अवस्था आठवा. २००८ च्या शेवटी स्टारच्या दोन्ही जुन्या सास-बहू गाड्या थांबल्या, कलर्स नावाचं नवं चॅनल बालिका वधू घेऊन पुढे निघून गेलं, एनडीटीव्ही इमॅजिनवर राखीचं स्वयंवर चालू, सोनीवर सेलिब्रिटी जंगलात. सगळ्यांनाच काहीतरी असं हवं होतं की लोक दुसऱ्या दिवशी ऑफिसात, लोकलमध्ये त्यावर बोलतील. ते मिळालं. आमच्या ८.१२ च्या डब्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता, आणि जो तो आधी मी असले शो बघत नाही असं सांगून मग सगळा एपिसोड सांगायचा.

फॉरमॅट मूळचा आपला नव्हे. हॉवर्ड शुल्ट्झ या अमेरिकन निर्मात्याचा, आणि टीव्हीवर पहिल्यांदा आला तो कोलंबियात, २००७ मध्ये. तिथे एका बाईने स्टेजवर कबूल केलं की तिने नवऱ्याला मारायची सुपारी दिली होती. यंत्र म्हणालं खरं आहे, पैसे मिळाले. आणि शो बंद झाला. म्हणजे फॉरमॅट जन्मला त्याच वर्षी त्याच्या माहेरी तो बंद पडला, आणि तरीही, की त्यामुळेच, तो जगभर विकला गेला. अमेरिकेत फॉक्सवर जानेवारी २००८ मध्ये आला तेव्हा पहिल्या भागाला दोन कोटींच्या वर प्रेक्षक, अर्थात अमेरिकन आयडॉलच्या लगेच नंतरची वेळ होती, तो वाटा धरायलाच हवा. ग्रीसमध्ये नियामकाने दंड केले आणि शेवटी शो गुंडाळावा लागला.

बरं, आता यंत्राकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी लबाडी तिथे होती आणि त्यावर आपल्याकडे फार कमी लोक बोलले. पॉलिग्राफ खोटं पकडत नाही. छातीला पट्टा असतो तो श्वास मोजतो, दंडाला बीपीचा पट्टा, बोटांना चकत्या, त्या घाम किती सुटला ते बघतात. यातून कळतं काय तर माणूस अस्वस्थ झाला. का झाला ते यंत्राला कळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये मोठा अहवाल काढून सांगितलं होतं की या यंत्रावर भरवसा ठेवण्याइतका पुरावा नाही. आणि जे लोक या यंत्राच्या बाजूचे आहेत तेसुद्धा म्हणतात की प्रश्न घडलेल्या, नेमक्या गोष्टीबद्दल हवा. अमुक तारखेला तिजोरीतून पैसे तू घेतलेस का, असा.

मग आमच्या हॉलमधला तो प्रश्न परत वाचा. नवऱ्याला कळणार नसेल तर कराल का. हे घडलेलंच नाही! घडेल की नाही ते त्या बाईंनाही माहीत असायचं कारण नाही. कल्पनेतल्या गोष्टीचं खरं-खोटं घामावरून ठरवायचं म्हणजे कुडमुड्या जोशाला पोपट काढायला लावण्यासारखं झालं. त्या खोलीत, परक्या माणसांसमोर, अंगाला वायरी लावलेल्या अवस्थेत कुठल्याही बाईला हा प्रश्न विचारला तर तिला घाम फुटेलच की, आणि समजा नसता फुटला तरी त्यावरून काय सिद्ध झालं असतं? अमेरिकेतही हेच. तिथल्या एका गाजलेल्या भागात तरुण मुलीने नवऱ्यासमोर लग्न मोडेल अशी सगळी उत्तरं दिली, ती सगळी खरी ठरली, आणि पडली कशावर, तर तू स्वतःला चांगली व्यक्ती समजतेस का या प्रश्नावर. ती म्हणाली हो, यंत्र म्हणालं खोटं. पैसे गेले. नवरा तर त्याआधीच गेल्यात जमा होता.

गंमत म्हणजे शोमधले सगळ्यात गाजलेले प्रश्न याच जातीचे. वाटतं का, कराल का, इच्छा झाली होती का. शाळेत कॉपी केली होती का या प्रश्नाला उत्तर पक्कं आहे पण त्याला टीआरपी नाही.

दिल्लीत काय झालं ते थोडक्यात. राज्यसभेत समाजवादी पक्षाच्या कमाल अख्तर यांनी नवऱ्याला कळणार नसेल तर कराल का हाच प्रश्न उचलला, बाकी पक्षांच्या लोकांनीही साथ दिली, अंबिका सोनी तेव्हा माहिती व प्रसारण मंत्री होत्या, मंत्रालयाने चॅनलला कारणे दाखवा नोटीस पाठवली. दरम्यान दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका गेली. मुख्य न्यायाधीश होते अजित प्रकाश शहा, आपल्या सोलापूरचे, ज्यांनी त्याच महिन्याच्या सुरुवातीला कलम ३७७ चा निकाल दिला होता. कोर्टाने याचिका फेटाळली. गांधीजींची ती वाईट बघू नका वाली शिकवण आठवून दिली, आपली संस्कृती एका टीव्ही शोने ढासळेल इतकी लेचीपेची नाही अशा अर्थाचं बोललं. थोडक्यात रिमोट तुमच्या हातात आहे. हेच न्यायमूर्ती शहा निवृत्तीनंतर २०११ मध्ये चॅनलवाल्यांनी स्वतःच उभ्या केलेल्या तक्रार परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. रिमोटने सगळं भागत नाही हे तोवर चॅनलवाल्यांच्याही लक्षात आलं असावं.

मला कोर्टाचं तेव्हा पटलं होतं आणि आजही अर्धं पटतं. बघणाऱ्याच्या हातात रिमोट असतो हे खरंच आहे. पण ज्याच्याबद्दल बोललं जातंय त्याच्या हातात काय असतं?

विनोद कांबळीचं उदाहरण घ्या, कारण ते आपल्या घरचं आहे. शारदाश्रमचे दोघं, फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, शालेय क्रिकेटची हॅरिस शिल्ड, ६६४ ची नाबाद भागी, सचिन ३२६ आणि विनोद ३४९. हे आकडे मुंबईत पोरांना पाढ्यांसारखे पाठ. पुढे कांबळीच्या कसोटीत लागोपाठ दोन डबल सेंचुऱ्या, आणि सतराच कसोट्या, सरासरी चोपन्नच्या वर. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तो या शोच्या खुर्चीत बसला आणि त्याला विचारलं की तुझ्या पडत्या काळात सचिन तुझ्यासाठी अजून काही करू शकला असता असं वाटतं का. तो हो म्हणाला. यंत्र म्हणालं खरं.

दुसऱ्या दिवशी पेपर, चॅनल, नाके, सगळीकडे एकच. विनोदचं सचिनबद्दल असं असं मत. आता बघा, विनोदने काही चोरून सांगितलं नाही, त्याला वाटलं ते तो बोलला, मित्राबद्दल असं वाटणं हा काही गुन्हाही नाही, आपल्यातल्या प्रत्येकाला कोणा ना कोणाबद्दल वाटतं. पण ते असं हो-नाहीत बोलायची गोष्ट आहे का? हो, पण त्या वर्षी त्याने हे केलं होतं, हो, पण चूक माझीही होती, हो, पण तो दौऱ्यावर होता, असली सगळी पण-पण घेऊन जे वाक्य एखाद्या रात्री दोन मित्रांत होतं, त्यातला फक्त हो या शोने काढून घेतला आणि त्यावर यंत्राचा शिक्का मारला. पुढे कांबळीला खुलासे करत बसावं लागलं. आणि सचिन त्या सेटवर नव्हताच. त्याने कुठल्या कागदावर सही केली नव्हती, त्याला बटण दाबायची सोय नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कला आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात दोघं स्टेजवर भेटले, विनोदने सचिनचा हात धरून ठेवला, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, आणि त्याखाली २००९ चं ते उत्तर परत उकरून काढणारेही होतेच.

सचिन सचिन आहे, त्याला काही फरक पडला नाही. पण बाकीच्यांचं काय, ज्यांच्या बायकोने किंवा मुलाने किंवा भावाने खुर्चीत बसून त्यांच्याबद्दल हो म्हटलं?

याचं टोक पेरूत दिसलं. २०१२ मध्ये तिथे हा फॉरमॅट आला, पहिल्याच भागात एकोणीस वर्षांची मुलगी बसली, समोर आईवडील आणि बॉयफ्रेंड. कॉल सेंटरमध्ये नाही, नाइट क्लबमध्ये काम करते, इथपासून बॉयफ्रेंडबद्दल तिला खरं काय वाटतं इथपर्यंत सगळं तिने कबूल केलं. जिंकलेले पैसे घेऊन घरी गेली. सप्टेंबरमध्ये ती बेपत्ता झाली आणि मग तिचा मृतदेह एका विहिरीत सापडला. खून त्याच बॉयफ्रेंडने केला होता, तोवर एक्स झालेला, त्याला शिक्षा झाली. खून शोने केला असं मी म्हणत नाही, करणाऱ्यानेच केला. पण त्या सोफ्यावर त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं कोणी, आणि बसवताना पुढे काय होईल याचा विचार करणं कोणाचं काम होतं, हे प्रश्न उरतातच. तिथे शो त्यानंतरही चालला, पुढे सेलिब्रिटी जास्त बसवू लागले. म्हणून म्हटलं, मी आपल्यापुरतं बोलतोय.

आपल्याकडे दुसरा सीझन आला होता बरं का, बरेच जण विसरतात. डिसेंबर २०११ मध्ये लाइफ ओके चॅनल सुरू झालं तेव्हा त्यावर, अँकर तोच. मी दोन भाग बघितले असतील. आईने तर गवारीतून मान वर काढली नाही. मधल्या काळात सुप्रीम कोर्टाचा सेल्वी खटल्याचा निकाल लागला होता, मे २०१० मध्ये, की आरोपीला त्याच्या मर्जीविरुद्ध नार्को किंवा पॉलिग्राफला बसवता येणार नाही आणि राजीखुशीने बसला तरी नुसता यंत्राचा निकाल पुरावा म्हणून चालणार नाही. म्हणजे खुनाच्या खटल्यात जे यंत्र पुरावा म्हणून चालत नाही ते लग्नाच्या खटल्यात मात्र टीव्हीवर चालत होतं. अर्थात शोमध्ये सगळे राजीखुशीने बसायचे, कायद्याचा काही प्रश्न नव्हता.

आता आज कोणी हा शो परत आणायचं ठरवलं तर काय होईल ते मी एकदा ओळीने मांडून बघितलं. पैशाचा प्रश्न सुटेल, केबीसी आता सात कोटी देतं, हे दहा देतील. बोल्ड विषयांचा तर प्रश्नच नाही, ओटीटीवर यापेक्षा कितीतरी जास्त चालतं आणि काका आता ते मोबाइलवर हेडफोन लावून बघतात. अडतं ते तिसऱ्या माणसापाशी. २००९ मध्ये एपिसोड साडेदहाला लागायचा, साडेअकराला संपायचा, दोन दिवस गावभर व्हायचं आणि मग विरायचं. नवऱ्याला फार तर चार महिने लोक बघायचे. आज तोच नवरा तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये अडकेल, त्यावर कोणीतरी गाणं टाकेल, मग मीम, आणि मुलीच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते सहा वर्षांनीही येईल. मग एक तर तो सोफ्यावर बसायलाच येणार नाही, किंवा वकील घेऊन येईल. आणि सोफा रिकामा असेल तर हा शो म्हणजे वायरी लावून घेतलेला इंटरव्ह्यू, दुसरं काय.

शिवाय कबुलीला आता यंत्र लागतच नाही. लोक पॉडकास्टवर तीन-तीन तास फुकट कबुली देतात, घटस्फोट, डिप्रेशन, बापाशी भांडण, सगळं, पण काय सांगायचं आणि काय कापायचं ते बरंचसं स्वतः ठरवतात. २०२२ मध्ये कंगनाच्या 'लॉक अप'मध्ये हाच मसाला वेगळ्या भांड्यात आला होता, बाहेर जायची वेळ आली की बझर दाबून स्वतःचं एखादं गुपित फोडायचं आणि वाचायचं. गुपित कुठलं ते सांगणाराच निवडणार. हा फरक छोटा वाटतो पण सगळा खेळ त्यात बदलला. ज्याला सांगायचंय त्याला सांगू द्या, एवढ्यावर टीव्हीवाल्यांचं आता भागतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या ऑगस्टमध्ये मी हॉस्टेलला परत गेलो आणि आमच्या मजल्यावर दर रविवारी रात्री सच का सामना सुरू झाला. एकाच्या बाबांचं जुनं बीपीचं डिजिटल मशीन, सेल सैल झालेले, मागे चिकटपट्टी. जिंकणाऱ्याला एक अंडा भुर्जी. पहिले दोन रविवार धमाल आली, मेसच्या पैशांत गफला कोणी केला, कोणाचं कोणावर आहे वगैरे. तिसऱ्या रविवारी एकाला विचारलं की तुझा रूम पार्टनर क्रिकेट टीममध्ये वडिलांच्या ओळखीने आला असं तुला वाटतं का. पार्टनर समोरच कॉटवर बसलेला, हसत होता. तो म्हणाला नाही. मशीनचा आकडा ११८ वरून १३१ वर गेला आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, झूठ! मीही ओरडलो, सगळ्यात मोठ्याने बहुतेक.

बुधवारपर्यंत पार्टनरने गादी उचलून खालच्या मजल्यावर खोली घेतली. मशीन नीट आहे का ते कोणीच बघितलं नव्हतं, आम्ही नंतर एकदा रिकाम्या पाण्याच्या बाटलीला पट्टा गुंडाळून बघितला तर त्याने बाटलीचंही बीपी दाखवलं. पण ते सांगायला पार्टनरच्या खोलीवर कोणी गेलं नाही. दोघं आजही बॅचच्या ग्रुपवर आहेत, वाढदिवसाला एकमेकांना केकचं स्टिकर टाकतात.